गाडी थंड होईस्तोवर

पुसदहून वाशीमकडे निघालं की गाव संपता संपता उजव्या हाताला संघदीप मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री पन्नाशीला टेकलेला. तरुणपणी अकरा वर्षं पुण्यात शर्यतीच्या गाड्यांवर काम केलं, मग आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी आला तो इथलाच होऊन गेला. आता हाताखाली यायच्या त्या जीपा, ऑटो आणि कापूस वाहणारे मेटॅडोर. तेही कमी झाले होते. कापसाचे ते दिवसच वाईट होते. सरकी काढायच्या जिनिंग गिरणीसमोर पूर्वी कोसभर रांग लागायची, आता फाटकाशी कुत्री झोपलेली असायची. काम नव्हतं तरी संध्याकाळपर्यंत मिस्त्रीची कंबर धरून यायची. दिवसभर रस्त्याकडे बघत बसूनही माणूस थकतो, हे त्याला या दोन वर्षांत कळलं होतं.

अशात एका सकाळी भगवानराव जिनिंगवाल्यांचा मुलगा नयन आपली गाडी घेऊन आला. जपानहून आलेली निळी सेडान, टर्बो इंजिनाची. मुंबईच्या कुणीतरी बाहेरून आणवलेली, दोन हात फिरून नयनकडे आलेली. मागच्या सीटवर खोकी होती. नयननं ती एकेक करून बाकावर मांडली. ब्रेकचा सगळा संच: मोठ्या डिस्क, त्यांना आवळणारे चार पिस्टनचे लाल कॅलिपर, पोलादी जाळीच्या नळ्या, पॅड.

"मिस्त्री, घाटात ब्रेक दोनदा दाबला का तिसऱ्यांदा पेडल खालीच जाते. तुमच्याशिवाय हे कोनाले जमनार नाई."

संघदीपनं एक कॅलिपर हातात घेतला. किती वर्षांनी असं काही हातात येत होतं! पण आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. "ठेवून जा," एवढंच तो म्हणाला.

चार दिवसांत त्यानं पुढचं जुनं सगळं उतरवलं, नवं चढवलं. मग चाक लावायला गेला तर रिमच्या आतल्या काड्या कॅलिपरला घासायला लागल्या. मोठी रिमं हवी होती. ती मुंबईहून यायला बारा दिवस लागणार होते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली.

त्याच आठवड्यात एका दुपारी कोकिळाबाई त्याच्या घरी आल्या. नयनची आई. जिनिंगच्या घरची बाई बुद्धविहाराच्या गल्लीत पायी आली, हे पाहून शेजारपाजारच्या बाया दारात उभ्या राहिल्या. संघदीपच्या बायकोनं, बेबीताईनं, खुर्ची पुसली, चहा ठेवला. कोकिळाबाईंनी तो घेतला, पूर्ण प्याल्या, आणि कप खाली ठेवून म्हणाल्या,

"मिस्त्री, ती गाडी उभीच राहू द्या."

"म्हंजे, बाई?"

"पार्ट नाई आला म्हना. काईबी म्हना. माह्या थोरल्याले जाऊन तीन वर्सं झाली. त्याच घाटाच्या रोडवर. आता ह्याले मी कशी धरू? बाप बोलत नाई, जिन बंद, हा दिवसभर रिकामा. गाडी नसली त हा घरी तरी राहीन."

थोरल्याची मोटरसायकल ट्रकखालून काढायला जे चारसहा जण धावले होते, त्यांत संघदीपही होता. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण समोर बसलेल्या त्या बाईनं सगळ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नसावं, असं तिच्याकडे पाहून वाटत होतं.

"पाहतो, बाई," तो म्हणाला.

रिमं बारा दिवसांनी आली. संघदीपनं ती पोत्याखाली झाकून ठेवली. नयनला सांगितलं, अजून आली नाहीत. मग सांगितलं, एक डिस्क वाकडी निघाली, परत पाठवली. मग ब्रेक ऑइल नागपूरला मिळत नाही. नयन दोन दिवसाआड यायचा, गाडीच्या भोवती फिरायचा, बाकावर बसायचा आणि निघून जायचा. भांडला असता तर बरं झालं असतं. तो विश्वास ठेवायचा, आणि त्यामुळे मिस्त्रीला पुढचं खोटं आणखी जड जायचं. आयुष्यभर त्यानं गाडी दुरुस्त करून दिली होती, अडवून कधी ठेवली नव्हती. महिना झाला. गॅरेजची अर्धी जागा अडलेली. येता-जाता ती निळी गाडी अशी बिनचाकाची दिसली की त्याला स्वतःच पांगळं झाल्यासारखं वाटे.

मग एके दिवशी जिनिंगचा ड्रायव्हर लखीराम जीप घेऊन आला. पुढचं डावं चाक उघडलं तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासलेलं.

"हे काय करून ठेवलं रे, लखीराम?"

"मी नाई जी. नयनभाऊ घेऊन जातेत रोज. घाटातच जातेत. परवा मी बाजूले होतो, वळनावर ब्रेक लागलाच नाई, गिअर टाकून कशी तरी धरली. मी त उतरूनच गेलतो."

संघदीपनं गाडी अडवली होती, पण पोराचं घाटात जाणं त्याला अडवता आलं नव्हतं. उलट, चांगल्या ब्रेकची गाडी ठोकळ्यांवर आणि पोरगा मोडक्या जीपमध्ये. संध्याकाळी हातपाय धुऊन तो भगवानरावांच्या वाड्याच्या मागच्या दारानं गेला आणि कोकिळाबाईंना सगळं सांगितलं.

"आता माह्याच्यानं खोटं बोलनं होत नाई, बाई. उद्या मी चाकं लावतो."

कोकिळाबाईंचा चेहरा उतरला. "तुमी माय नाई ना, मिस्त्री."

"नाई. पन ब्रेक मले समजतात. तुमी परवा सकाळी या. गाडीत बसून पाहा. मग मले काय म्हनायचं ते म्हना."

त्या येतील असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चाकं चढवली, नळ्यांतली हवा काढली, पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळाल्यावर नयन आला आणि त्याच्या मागोमाग, डोक्यावरून पदर घेतलेल्या कोकिळाबाई. नयन चक्रावला, पण मिस्त्रीनं "बसू द्या" म्हटलं तसं त्यानं मागचं दार उघडलं. आई मागे, नयन स्टिअरिंगवर, मिस्त्री त्याच्या शेजारी.

"नवे पॅड डिस्कवर बसवा लागतात," संघदीपनं समजावलं. "ऐंशीवर न्यायची, जोरात दाबून वीसवर आनायची. पुरी थांबवायची नाई. असं दहा वेळा. मंग दहा किलोमीटर हळूहळू, ब्रेकाले पाय न लावता. गरम डिस्कवर थांबलं का पॅडाचा डाग बसते, सारं वाया जाते."

सरळ मोकळ्या रस्त्यावर नयननं गाडी ऐंशीवर नेली आणि दाबलं. तिघंही पुढे झुकले. गाडी रेषाभर डावी-उजवी झाली नाही. पुन्हा ऐंशी. पुन्हा वीस. मागे कोकिळाबाईंनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. पाचव्या वेळी जळका वास आला. आठव्याला त्या म्हणाल्या, "थांबव रे, बावा. मले उतरू दे."

"थांबता येत नाई, बाई," संघदीप म्हणाला. "दोनच राह्यले."

दहा झाले. डिस्कमधून वाफेसारखा धूर निघत होता. नयननं गाडी चाळीसवर आणली आणि ती तशीच हळू चालू लागली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. मग मागून आवाज आला.

"नयन, मिस्त्रीले मीच सांगतलं होतं. गाडी उभी ठेवा म्हनून."

नयननं आरशात पाहिलं. "तू?"

"हो, मी."

"अन् तुमी ठेवली? महिनाभर?" तो मिस्त्रीकडे वळला. गाडीचा वेग वाढला.

"चाळीसच्या वर नको," संघदीप म्हणाला. त्या क्षणी तो कुठंही असायला तयार होता, फक्त त्या सीटवर नाही. पण उतरता येत नव्हतं. कुणालाच उतरता येत नव्हतं.

नयननं वेग कमी केला. एक फाटा मागे गेला, मग दुसरा. मग तो समोर बघतच बोलला, "मी घरी बसलो का तू माह्याकडे पाहत राहतेस, माय. जेवताना, झोपताना. मी दिसतो का तुले? तोच दिसते. म्हनून मी निघून जातो. कायले जातो, मलेबी माहीत नाई."

कोकिळाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तोच दिसते. तुह्यासारखाच बसे तो. मी काय करू?"

नयननं आरसा थोडा वळवला, आईचा चेहरा नीट दिसेल असा, आणि गाडी चालवत राहिला. दहा किलोमीटर झाले तेव्हा संघदीपनं "आता थांबवा" म्हटलं. खाली उतरून त्यानं चाकाजवळ हात धरून पाहिला, डिस्कचा रंग पाहिला. दोन्ही चाकांवर सारखा. काम चोख झालं होतं. मायलेक गाडीतच बसून होते. संघदीपनं त्यांना "तुमी जा, मी ऑटोनं येतो" म्हणून सांगितलं आणि तो रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत बसला. ऑटो तासाभरानं मिळाला.

दोन दिवसांनी नयन पैसे द्यायला आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, मले सांगाले पाह्यजे होतं."

"पाह्यजे होतं," संघदीप म्हणाला. त्यानं बचाव केला नाही.

त्या उन्हाळ्यात नयन घाटात गेला, पण आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि दोनदा तरी लोकांनी कोकिळाबाईंना त्याच्या शेजारी बसलेलं पाहिलं. दिवाळीच्या आधी भगवानरावांनी जिनिंग विकली. निळी गाडी हैदराबादच्या एका माणसाला गेली. नयन आदिलाबादला दुसऱ्याच्या जिनवर नोकरीला लागला. दर पंधरवड्याला तो बसनं घरी यायचा. कोकिळाबाई त्याला आणायला स्टँडवर जायच्या, बस येण्याच्या कितीतरी आधी.