धावदोऱ्याची भिंत

चंद्राबाईच्या हातची भिंत म्हणजे भिंत, असं कडेगावात म्हणायचे. ओढ्याकाठची पांढरी माती आणायची, दोन दिवस भिजत घालायची, तीत शेण आणि तूस मळायचं, आणि लिंपण सुकत आलं की नदीतल्या गोट्यानं घोटत बसायचं. "मुंगी चढली तर घसरून पडंल," असं बाया बोलायच्या. कुणाच्या घरी लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला. या कौतुकाचा तिला गर्व होता आणि तो तिनं कधी लपवला नाही.

सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तिचा आकाराम लढाईवरून घरी आला. इटलीत सुरुंग उडाला त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून सोडल्यावर त्याच्याच पलटणीतला, गावचाच जोतीराम त्याला आगगाडीनं ताकारीपर्यंत घेऊन आला आणि पुढं बैलगाडीनं दारात पोचवून गेला. चंद्राबाईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जीव घिऊन आलास, लय झालं बाबा. डोळं काय, माजं हायेत की."

पण तिचे डोळे त्याच्या कामी येईनात. आकाराम सोप्यातल्या खांबाला टेकून बसायचा तो दिवसभर. कुणी हात धरला की झिडकारायचा, आणि एकटा उठला की कशाला तरी धडकायचा. मग त्यानं पाणी पिणंच कमी केलं. पाणी प्यालं की घरामागं परड्यात जावं लागतं, आणि परड्यात जायचं तर आईचा नाहीतर बायकोचा हात धरावा लागतो. तिशीतला गडी, पलटणीतला नाईक, भर वैशाखात दोन घोटांवर दिवस काढायचा. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच दिसायचा. तो तुळशीत ओतताना चंद्राबाई रोज एकच मागणं मागायची: देवा, ह्याला ह्याच्या पायानं उठव.

सून बनू कमी बोलायची. पावसाळ्यातल्या एका दुपारी ती सोप्यात जोंधळे निवडत बसली होती आणि आकाराम वाकळेवर आडवा झाला होता. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे एकावर एक ठेवून हातानं शिवलेलं अंथरूण. त्याची बोटं वाकळेवरच्या टाक्यांवरून मुंगीसारखी चालली होती.

"ह्यो तुकडा माज्या जुन्या पटक्याचा हाय न्हवं?" तो एकदम म्हणाला.

"व्हय. कसा वळीकला?"

"तुज्या धावदोऱ्यावरनं. निम्म्यात आला की वाकडा पळतोय. मंजी ह्यो तुकडा तू माज्यासंगं भांडून शिवलास."

बनू खळखळून हसली. चुलीपुढं बसलेल्या चंद्राबाईनं ते हसणं ऐकलं, देवाचे आभार मानले आणि भाकरी उलटायला लागली. तिच्या लेखी गोष्ट तिथं संपली. बनूच्या मात्र डोक्यात ती राहिली. संध्याकाळी वाकळेची घडी घालताना ती डोळे मिटून, टाक्यांवर बोटं ठेवून बराच वेळ उभी होती.

चार दिवसांनी बनूनं माती मळली आणि भिंतीला लागली. कमरेच्या जरा वर, सहज हात पोचेल अशा उंचीवर, तिनं मातीची करंगळीएवढी जाड वळी चिकटवली. बोटभर लांब वळी, बोटभर जागा मोकळी, पुन्हा वळी. हुबेहूब धावदोऱ्याचे टाके. सोप्यातल्या खांबामागनं ही ओळ निघाली ती माजघरात शिरली आणि मागच्या दारानं वळचणीखालून थेट परड्यातल्या न्हाणीपर्यंत गेली. उंबरा आला की दोन गोल टिपके. पाण्याच्या घागरींपाशी मातीची इवलीशी घागर. चुलीच्या कोपऱ्यात बोटाला टोचतील असे खडे.

"ही काय गं?" चंद्राबाई म्हणाली. "माज्या भिंतीला देवी आल्यात जनू! पुजारीन बोलवू का काय उताऱ्याला?"

बनूनं आकारामकडं बघितलं. तो तिथंच, खांबाला टेकून ऐकत होता. ती एवढंच म्हणाली, "असू द्या की आत्याबाई. घराला बरं दिसतंय."

चंद्राबाईनं जीभ आवरली. पण दोन दिवसांनी विहिरीवर शेजारच्या रंगुबाईनं सगळ्या बायांच्या देखत विषय काढला. "चंद्रा, तुजी सून भिंतीवर नक्षी काढतीया म्हनं? नवऱ्याला तर दिसत न्हाई. मग दावायची तरी कुनाला गं?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चंद्राबाई भरलेली घागर घेऊन घरी आली. सुनेला तिनं काही विचारलं नाही, पण ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं. भुईमुगाच्या काढणीपायी ती दिवसभर रानात असायची. संध्याकाळी घरी यावं तर हल्ली तांब्या निम्मा रिकामा दिसायचा. बनूनंच कुठंतरी ओतला असेल, असं तिला वाटायचं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर धुवायचं आणि मागं घर लिंपून, पांढऱ्या मातीनं पोतारून लख्ख करायचं. त्या दिवशी बनू गल्लीतल्या बायांबरोबर वाकळांचं गाठोडं गाडीत टाकून येरळेवर गेली. जोतीरामनं आकारामला दाढीसाठी न्हाव्याकडं नेलं. घरात चंद्राबाई एकटी राहिली. तिनं पदर खोचला, खुरपं घेतलं आणि भिंतीवरची एक-एक वळी उडवली. बनूची मेहनत ढपल्या होऊन भुईवर पडत होती तेव्हा चंद्राबाईच्या मनाला जरा लागलं. पण ती मनाशी म्हणाली, पोरीला लोकांनी नावं ठेवण्यापेक्षा हे बरं. मग तिनं लिंपलं, घोटलं, वर पांढऱ्या मातीचा हात दिला. दुपारपर्यंत सोपा आणि माजघर आरशासारखं झालं. ती चार पावलं मागं सरून आपल्या हाताकडं आणि भिंतीकडं बघत राहिली.

तेवढ्यात दारात जोतीरामचा आवाज आला. "जातूस न्हवं रं गड्या आत?"

"जा तू. माजं घर हाय, मला शिकवतूस व्हय!"

आकाराम उंबरा ओलांडून आत आला. धडपडत नाही, चाचपडत नाही, ताठ मानेनं. त्याचं असं चालणं आईनं सहा महिन्यांत बघितलं नव्हतं. डावा हात त्यानं सवयीनं भिंतीला लावला, तीन पावलं टाकली आणि थबकला. हात खाली गेला, वर गेला, पुन्हा खाली आला. बोटं ओल्या मातीनं भरली.

"आये," तो म्हणाला, "भिंत कुटं गेली?"

"हाय की बाबा, म्होरंच हाय. हात लागलाय न्हवं तुजा?"

"ही न्हवं. माजी भिंत."

त्यानं बाजूला पाऊल टाकलं आणि मातीच्या पाटीला ठेचकाळला. मग जिथल्या तिथं उभा राहिला, दोन्ही हात पुढं धरून. "तू रानात गेलीस की मी त्या वळीनं न्हाणीपातुर जायाचो. एकटा. बनूनं वाट काढली हुती ती."

चंद्राबाईनं पाटी त्याच्या वाटेतून बाजूला सारली. "मग मला कुनी सांगितलं का न्हाई रं?"

"पाठ झालं की चालूनच दावनार हुतो. आदी बोललो आन पडलो, तर तू पुन्हा हात धरनार."

"बघितलं रं मी," ती म्हणाली. "रोज बघत हुते. पर वाचाय कुटं आलं मला!" तिनं पदरानं डोळे टिपले, त्याची माती गालाला लागली. रंगीच्या एका बोलण्यापायी आपण काय खरवडून काढलं, ते तिला आता कळलं. पण रडत बसण्याची ती बाई नव्हती. भिंत ओली होती, पाटीत माती शिल्लक होती. "उठवते पुन्हा," ती म्हणाली. "कसं हुतं त्ये सांग."

मग माय-लेक कामाला लागले. आकाराम ओल्या भिंतीवर बोटानं खूण करायचा आणि ती तिथं वळी बसवायची. सगळं त्याच्या बोटांच्या ध्यानात होतं. हिथं टिपकं दोन. हिथं घागर. हिथं वळन, म्हनून वळ्या जवळजवळ. चाळीस वर्षं भिंती सपाट करण्यात गेलेला तिचा हात, वळी बसली की आपसूक गोट्याकडं जायचा.

"आये, गोटा खाली ठिव."

"तुला कसं कळलं रं?"

"घासलेला ऐकू येतोय की! आता माजं ध्यान तुज्या हातावर हाय, चोरी करू नगंस."

सहा महिन्यांत तिच्या लेकानं तिच्यावर पहिल्यांदाच हुकूम सोडला होता, आणि तिला तो गोड लागला.

दिवस कलायला बनू वाकळा घेऊन आली. भिंत बघून ती दारातच उभी राहिली. लिंपण ओलं होतं आणि टाक्यांची ठेवण तिची नव्हती. काय घडलं ते कुणी सांगावं लागलं नाही. चंद्राबाईनं चुलीवर तेल कोमट केलं, सुनेला पाटावर बसवलं आणि धुण्याच्या सोड्यानं चिरलेले तिचे हात आपल्या हातांत घेऊन तेल चोळायला लागली.

"आत्याबाई, ह्ये वो काय? मी चोळते की."

"गप बस. ह्या हातांनी काढलेल्याला मी देवी म्हनले. माजं पोरगं घरात येऊन बसलं हुतं, ते तू चालतं केलंस पोरी. माजं ह्ये फेडायचं कवा हुनार?"

बनूनं मान वळवली. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "तुमच्या वळ्या मातर लय सरळ आल्यात."

"आईनं काढल्यात," आकाराम म्हणाला. "मंजी पलटनीची कवायतच की."

दुसऱ्या दिवशी रंगुबाई आपल्याकडच्या लिंपणाचं बोलावणं घेऊन आली आणि सोप्यात पाय ठेवताच म्हणाली, "आगं चंद्रा, घट बसाय आलं, आन ह्या गाठी तशाच व्हय?"

"जिनं शिकवल्यात तिला इचार," चंद्राबाई म्हणाली. "मी आता माज्या सुनंच्या हाताखाली काम करतीया. तुज्याकडं यायचं तर तिचा हुकूम घ्यावा लागंल."

रंगुबाई काहीतरी बोलणार, तोवर खांबाजवळचा आकाराम उठला. त्यानं भिंतीला बोटं लावली आणि तिच्या समोरून माजघरात गेला. चंद्राबाईचा हात जुन्या सवयीनं पुढं झाला. तिनं तो मागं घेतला आणि शेजारी उभ्या बनूचं मनगट घट्ट धरलं. आतल्या उंबऱ्याशी तो क्षणभर थांबला, पाय उचलून पलीकडं ठेवला. मागचं दार वाजलं. रंगुबाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

थोड्या वेळानं परड्यातून हाक आली. "आये! बने! भिंत हिथं संपली. म्होरं गोठ्याकडं कसं जायाचं?"

चंद्राबाईनं बोलावणं तसंच ठेवून रंगुबाईच्या हातात पाटी दिली.

"आलीच हाईस तर माती मळाय बस," ती म्हणाली. "बनू, तू सांग आमास्नी, कुटनं सुरू करायचं?"