पाचव्या माणसाची जागा

“दर्या त्या दिशी उभा राहिला गो पोरी! वर मान केली तरी पानीच.”

जाळं विणता विणता म्हातारा पास्कलबाबा हे सांगायचा तेव्हा पॉलिन सात वर्षांची होती. त्या वादळातून पाचूबंदरला जिवंत परतलेला तो एकटाच, तोही वेगळ्या, एकट्याच्या होडीतून. आता पॉलिन पन्नाशीची, शाळेतली चित्रकलेची बाई. पण बाबाचा आवाज अजून तिच्या कानात खारट होता. वादळाला पन्नास वर्षं होणार म्हणून फादरनी चर्चच्या हॉलसाठी चित्र सांगितलं होतं. आठ फुटी कापडावर फाटलेलं शीड, आडवी झालेली होडी, आणि होडीत बुडालेली पाच माणसं.

चार झाली होती. फोटो कुणाचेच नव्हते, पण घरोघर विचारलं की माणूस हळूहळू हाताला लागे. कोण डावखुरा, कुणाच्या कानात बाळी. लूर्डसमावशीला तर भावाच्या सदऱ्याचं ठिगळही आठवत होतं. “हिरवं काढ. माझ्याच लुगड्याचं होतं ते, चोराने न विचारता फाडलेलं!”

पाचवा पॉलिनचा बाप. वादळ झालं तेव्हा ती पोटात होती. बापाला ती पहिल्यांदाच पाहणार होती, तेही स्वतःच्या हाताने काढून.

“आये, पप्पा होडीत बसायचे कुठं?”

आई, मालू, सोमवारी म्हणाली, पुढं नाळेवर. बुधवारी म्हणाली, मागं सुकाणूपाशी. आणि दोन्ही वेळा चित्रावरच घसरली. “असा निळा दर्या कुठं बघितलास? वादळात पानी चहासारं होतं. ही तर दौत सांडलीय!”

पॉलिनने पाणी चहासारखं केलं. होडीतली मोकळी जागा मात्र किडक्या दातासारखी तिच्या जिभेला लागत राहिली. लूर्डसमावशीला ठिगळ आठवतं, अन् बायकोला नवऱ्याची जागा आठवू नये?

शुक्रवारी दुपारी ती आईला हॉलमध्येच घेऊन आली. बाकावर बसवलं, हातात चहा दिला.

“जागा राहू दे. बोया तरी सांग.”

त्या वेळी देह एकाचाही मिळाला नव्हता. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले ते जाळं तरंगत ठेवणारे लाकडी बोये, तापल्या सळीने घराघराची खूण डागलेले. गावाने तेच पेट्यांत घालून पुरले होते.

“डिमेलोंचा फुटलेला होता, मावशीकडचा अर्धाच आला. पप्पांचा कसा होता?”

“चांगला होता. दोर पन कोरा.”

“तीन दिवस दर्यात आपटून दोर कोरा, आये?”

मालूने कप बाकावर ठेवला. चित्रातल्या चार माणसांकडे तिने एकेक करून पाहिलं, मग मोकळ्या जागेकडे. पॉलिनने कुंचला खाली घेतला. ती रागावली नव्हती. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

“तो होडीत चढलाच नव्हता गो,” मालू म्हणाली. “आदल्या दिशी खाडीपलीकडे गेला, तिकडच्या बाईकडे. परत यायचा नाय, असं सांगूनच गेला. होड्या काळोखात सुटल्या, कोन बसलं कोनी बघितलं? माझ्या पोटात तू. मग बोये लागले. मी घरातला नवा बोया पदराखाली नेला, पान्यात बुडवला, वाळूवर ठेवला. साऱ्या गावानं रडून पुरला. त्याला नको काढू त्या होडीत. दर्याने नाय नेला त्याला. मी बुडवला.”