दांडा सोडला की

मी भित्री आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुलूप नीट लागलंय का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते आणि धाकटा भाऊ माझी नक्कल करून आईला हसवतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो हातांनी बोलतो. आम्हा तिघांची खुणांची एक घरगुती भाषा आहे आणि तीत सगळ्यात वाचाळ तोच.

गवत कापून तो पोट भरतो. लोकांची अंगणं, दवाखान्यापुढची हिरवळ, शाळेचं मैदान. त्याच्या पेट्रोलच्या मशीनचं इंजिन कायमचं बसलं आणि शाळेनं सांगितलं की सोमवारी मैदान कापलं गेलं नाही तर दुसरा माणूस बघू. नवं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून जुनी मशीनं दुरुस्त करून विकणाऱ्या एका दाढीवाल्या गृहस्थांच्या आवारात आम्ही जाऊन उभे राहिलो. मशीन पारखायचं त्यानं आणि घासाघीस करायची मी, अशी आमची वाटणी.

मशीन दिसायला बरं होतं. चाकं धड, पातं नुकतं धार लावलेलं. दांड्यावर दाढीवाल्यांनी जाड रबरी नळी चढवली होती. धाकट्यानं ती दाबून बघितली आणि मला खुणेनं सांगितलं, मऊ आहे, राजेशाही थाट. दाढीवाल्यांनी दोरी ओढली, मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि धाकटा ते ढकलत आवाराच्या टोकाला, गवत माजलं होतं तिकडे निघाला.

इकडे फाटकापाशी मी त्या घरघरीवर आवाज चढवून किंमत सांगितली. पाकिटात पैसे होते त्याहून बरीच कमी. अशा वेळी समोरच्यानं कपाळाला हात लावायचा असतो, मुलाबाळांची आठवण काढायची असते. दाढीवाले म्हणाले, चालेल, घेऊन जा.

इतक्या पटकन कोणी हो म्हणालं की मला आनंद होत नाही, घाम फुटतो. असं काय बिघडलंय त्यात, मी विचारलं.

"बिघडलं काही नाही, ताई. बंद करायची जरा कटकट आहे, एवढंच. वाकून पुढची वायर उपटायची."

"आणि दांडा सोडला तर?"

"चालूच राहतं. दांड्याजवळची ती लिव्हर सारखी दाबून धरायची म्हणजे हात भरून येतो हो. म्हणून मी ती दांड्यालाच बांधली आणि वरून नळी चढवली."

धाकट्याच्या जुन्या मशीनची लिव्हर सुटली की पातं थांबायचं. आवाज ऐकायची त्याला गरजच नव्हती. हात काढला की मशीन मेलं, या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं बिनधास्त होता.

मी मागे वळले. त्यानं दांडा सोडला होता. ओलं गवत मशीनच्या तोंडात अडकलं होतं आणि तो बाजूला उकिडवा बसून शर्टाची बाही वर करत होता. मशीन घरघरत होतं. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं.

मी किंचाळले. ज्याला कधीच ऐकू आलं नाही त्याला मी घसा फोडून हाका मारत सुटले. मग धावले. मागून जाऊन धरावं तर दचकून त्याचा हात आतच जायचा. मी चप्पल काढून फेकली, ती भलतीकडेच गेली. मग पाकीट फेकलं. ते त्याच्या गुडघ्यापुढे पडलं आणि त्यानं वर पाहिलं.

मी दोन्ही मुठी आवळून छातीशी घेतल्या. लहानपणी तो इस्त्रीला हात लावायला गेला की आई असंच करायची. पण तो चिडला. परक्या माणसासमोर पैसे काय भिरकावतेस, मी काय तान्हा आहे का, असं तो मला सुनावायला लागला, आणि सुनावणारी ती बोटं मशीनच्या तोंडापासून वीतभर अंतरावर नाचत होती. कोणाच्या बोलण्याची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी मुठी तशाच ठेवून त्याच्यासमोर पोहोचले, त्याची मनगटं धरून त्याला मागे ओढलं आणि त्याचा तळवा मशीनच्या झाकणावर टेकवला.

झाकण थरथरत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात दाढीवाल्यांनी वायर उपटली आणि त्याच्या तळव्याखाली ती थरथर विझली.

"ऐकू येत नाही हे आधी सांगायचं ना, ताई," दाढीवाले धापा टाकत म्हणाले.

"ज्याला ऐकू येतं त्याची बोटं काय लोखंडाची असतात?"

धाकटा मला काहीतरी सांगू पाहत होता, पण बोटं इतकी कापत होती की शब्द जुळेना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अर्ध्यात सोडलं. त्याला अडखळताना मी पहिल्यांदा बघत होते.

मला तिथून पळून जायचं होतं. पण त्यानं खिशातून चाकू काढून नळी फाडली, आतली तार तोडली, लिव्हर मोकळी केली. वायर परत जोडून मशीन सुरू केलं, सोडलं, झाकणावर तळवा ठेवला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सोडलं. दर वेळी ते थांबत होतं. मग त्यानं हनुवटीनं गवतातल्या पाकिटाकडे खूण केली. मी पैसे दिले.

टेम्पोत मशीन मागे आणि आम्ही पुढे. एरवी हा चालकाच्या, रस्त्याच्या, माझ्या टिंगलीत रमला असता. आज दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसला होता. मी खुणेनं विचारलं, भीती वाटतेय?

त्यानं हात बाहेर काढले नाहीत. नुसती मान हलवली, हो.

परत देऊन येऊ या का?

नाही, मानेनंच. त्यानंतर मीही काही विचारलं नाही, माझे हात मांडीवर ठेवून दिले.