कोपऱ्यातला उंट

"बुद्धिबळाचा डाव मरतो, बुद्धिबळाचा प्रश्न अमर असतो. साम्राज्यं जातील, सरहद्दी पुसल्या जातील, आणि शेवटी तीन चालींतली मात तेवढी उरेल." आमच्या कुताईसी शहरातल्या बुद्धिबळ-प्रश्न मंडळाचे अध्यक्ष जुंबेर हे वाक्य दर गुरुवारी उभं राहून, वाईनचा पेला उंचावून म्हणतात. त्या गुरुवारी ते ऐकायला आम्ही तिघंजण होतो, आणि त्यातला एक विजेचं मीटर वाचायला आलेला होता.

पण त्या दिवशी वाक्याला खरंच काही कारण होतं. आमच्या सेवेरियानच्या प्रश्नाला बेल्जियममधल्या एका मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस लागलं होतं. मंडळाचा ईमेल माझ्या घरी येतो, म्हणून बातमी मीच आणली. जुंबेरनी ती दोनदा वाचायला लावली. मीटरवाल्यालाही पेला दिला. त्यानं बक्षीस किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक प्रशस्तिपत्रक आणि मासिकाचे वर्षभराचे अंक. त्यानं वाईन संपवली, आमच्याकडे दयेनं पाहिलं आणि आकडा टिपून गेला.

सेवेरियान स्वतः तिथे नव्हता. तो घरी पलंगावर होता आणि त्याची फुप्फुसं त्याला सोडून चालली होती. द्राक्षतोडणीपर्यंत पोचतील, असं डॉक्टर त्याच्या बायकोला, नानुलीला, म्हणाले होते. त्यापुढचं ते काही बोलले नव्हते.

सेवेरियान दातांचा डॉक्टर. अर्ध्या कुताईसीच्या दातांतली भोकं त्यानं बुजवली. स्वतःच्या प्रश्नांतली मात्र त्याला कधी बुजवता आली नाहीत. प्रश्न रचणाऱ्यानं एकच उत्तर ठेवायचं असतं. पांढऱ्यानं अमुकच चाल करावी आणि तीन चालींत मात व्हावी. दुसऱ्या कुठल्या चालीनंही मात होत असेल तर तो प्रश्न फुटला, संपला. आणि सेवेरियानचा प्रत्येक प्रश्न फुटे. फोडणारा माणूसही एकच: एर्मिले.

एर्मिले रेल्वेत सिग्नल तपासायचा. चुकीचा दिवा दिसला की त्याला बरं वाटे. सेवेरियानचा प्रश्न छापून आला की आठवड्याच्या आत त्याचा फोन जाई. "सेवेरियान, हत्ती खालून येतो," एवढं सांगून तो ठेवून देई. सेवेरियान मग दोन दिवस कोणाशी बोलत नसे, आणि त्या दोन दिवसांत दात काढायला गेलेले लोक फार सोसत. तिसऱ्या दिवशी तो नवा प्रश्न मांडायला बसे आणि संध्याकाळी एर्मिलेकडे जेवायला जाई. अशी त्यांची मैत्री. जगातल्या कुठल्याच दोन माणसांनी एकमेकांकडे इतकं लक्ष दिलं नसेल, नवरा-बायकोंनी तर नाहीच.

तर बक्षीस लागलं, पण पक्कं झालं नव्हतं. आमच्या धंद्यातला रिवाज असा, की निकाल जाहीर झाला की तीन महिने तो उघडा ठेवतात. या मुदतीत जगात कुणालाही प्रश्नात खोट सापडली तर त्यानं कळवायचं, आणि खोट खरी असेल तर बक्षीस गेलं. मुदत संपली की मात्र निकालाला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही. आणि मुदत संपायची होती द्राक्षतोडणीच्या सुमारास.

नानुलीनं दुसऱ्याच दिवशी एर्मिलेला गाठलं. हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवताच ती त्याला म्हणाली, या प्रश्नाकडे तू बघायचं नाहीस. त्याला एवढं एक घेऊन जाऊ दे. एर्मिलेनं शब्द दिला, आणि तो पाळण्यासाठी त्यानं जे हाल सोसले ते आम्ही पाहिले. जुंबेरनी प्रश्नाची आकृती मोठी करून मंडळाच्या भिंतीवर लावली होती. एर्मिले तिच्याकडे पाठ करून बसे. चहा घ्यायला उठायचं तर तिरपा, खेकड्यासारखा चाले. मासिकाचं पान कुणी उघडलं की डोळे मिटून घेई. आयुष्यभर सिगरेट ओढणाऱ्यानं ती सोडावी तसा तो चिडचिडा झाला.

आणि मग सेवेरियाननंच त्याला बोलावलं.

मी तिथे होतो. बाजारातून ताजं चीज घेऊन गेलो होतो. खोलीत औषधांचा आणि सुकत घातलेल्या अक्रोडांचा वास. सेवेरियान उशांना टेकून बसला होता, गळ्यापर्यंत शाल, आणि मांडीवर पट.

"एवढे दिवस झाले, फोन नाही तुझा," तो म्हणाला.

एर्मिले म्हणाला, की फोन बिघडलाय.

"मग चालत यायचं. का पायही बिघडले? एर्मिले, लेका, यंत्रानं तपासलाय प्रश्न. परीक्षकानं यंत्राकडून तपासून घेतला. यंत्र म्हणतं बरोबर आहे. पण यंत्र काय, त्याला काही वाटत नाही. तू बघितल्याशिवाय तो प्रश्न झाला असं मला वाटत नाही."

दारात नानुली उभी होती. एर्मिलेनं तिच्याकडे पाहिलं. तिनं बराच वेळ नवऱ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली. परवानगी होती की नव्हती, ते आजवर मला कळलेलं नाही.

एर्मिलेनं आकृती हातात घेतली. ती गुडघ्यावर ठेवून तो कितीतरी वेळ ओठ हलवत राहिला. चीज पिशवीत घामेजलं. सेवेरियान खोकायचासुद्धा थांबला होता. शेवटी एर्मिलेनं चष्मा काढला आणि पुसला. दुसरं उत्तर नाही, तो म्हणाला. मी सगळीकडून बघितलं. नाही.

"हत्ती खालून?"

"खालूनही नाही. खाली जागाच नाही राहिली त्याला. कसं सुचलं?"

सेवेरियानच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी तिथे कधी पाहिलं नव्हतं. तो घाईघाईनं, दम लागत, सांगायला लागला. मुळात सगळी मांडणी एक ओळ वर होती. तिथे हत्ती पहिल्या ओळीतून फिरून येई आणि प्रश्न फोडी. वर्षभर तो त्यावर अडला होता. मग एके दिवशी त्यानं सगळीच्या सगळी मोहरी एक-एक घर खाली सरकवली. राजा, हत्ती, घोडा, प्यादी, सगळी. एकमेकांपासूनची अंतरं तीच, पण खालची वाट बंद. आणि मात? मात तर जशीच्या तशी: प्यादं एक घर पुढे सरकतं, आणि त्याच्यामागे अगदी कोपऱ्यात दडलेला उंट काळ्या राजाला लांबून टिपतो.

"सुंदर आहे," एर्मिले म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता, म्हणून तो जरा चुकल्यासारखा ऐकू आला. "थांब, हातानं मांडून बघतो. मजा घेतो."

एर्मिलेची मांडायची एक पद्धत होती. तो मोहरी डब्यातून उचलून कधी ठेवत नसे. आधी सगळा डाव सुरुवातीला मांडतात तसा मांडायचा, आणि मग त्यातून एकेक मोहरा त्याच्या घरातून उचलून प्रश्नातल्या जागी न्यायचा. नको ते बाहेर. त्यानं तसंच सुरू केलं. राजा नेला. हत्ती नेला. घोडा नेला. कोपऱ्यापुढच्या तिरक्या घरातलं प्यादं मात्र न्यावं लागलंच नाही. ते होतं तिथेच हवं होतं. मग त्यानं उंट उचलला, कोपऱ्याकडे नेला, आणि हात हवेत थांबला.

बुद्धिबळ न खेळणाऱ्यालाही हे समजेल. उंट तिरका चालतो. कोपऱ्यातल्या घराला तिरका रस्ता एकच, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी हे प्यादं बसलेलं. प्यादं मागे कधी येत नाही. म्हणजे ते डाव सुरू झाल्यापासून तिथून हललेलंच नाही. मग उंट त्याच्यामागच्या कोपऱ्यात गेला कुठून? बंद खोली, दाराला आतून कडी, आणि आत उंट. कुठल्याही डावात, जगाच्या अंतापर्यंत खेळलात तरी, अशी मांडणी येऊ शकत नाही. आणि जी मांडणी खऱ्या डावात येऊच शकत नाही, तो प्रश्नच नव्हे. एक ओळ वर असताना हा उंट कोपऱ्यात नव्हता, त्याला खालून शिरायला वाट होती. सेवेरियाननं हत्तीची वाट बंद केली, त्यातच उंटाचीही झाली. यंत्राला हे दिसत नाही. यंत्राला जशी मोहरी द्याल तशी ते घेतं. आत कसे आलात म्हणून कुणाला विचारत नाही.

एर्मिलेनं उंट खाली ठेवला, प्याद्याच्या मागे, आणि हळूच म्हणाला, "झालं मांडून."

पण सेवेरियान पटाकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहत होता. चाळीस वर्षं तो हात बघितलेला माणूस. त्यानं मग पटाकडे पाहिलं, आणि त्यालाही दिसलं. आतून नानुलीचा भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"गप्प बसायचं," सेवेरियान म्हणाला. "दोघांनीही."

आम्ही बसलो.

त्यानंतर मी रोज सकाळी ईमेल बघून त्याच्याकडे जात असे. पहिले काही आठवडे माझी पावलं जिन्यात वाजली की तो डोळे मिटून घेई. काही आलं? नाही, मी सांगे. मग तो सुटकेचा श्वास टाके, जेवढा टाकता येई तेवढा, आणि नानुलीकडे मनुका मागे. बाहेर दुनिया निवांत होती. प्रश्न तीन देशांच्या मासिकांनी उचलून छापला. एकानं वर "नितळ" असं लिहिलं.

मग कधीतरी त्याच्या विचारण्याचा सूर बदलला. मला तो आधी कळला नाही. काही आलं? नाही. असं कसं, तो म्हणाला. ब्रातिस्लाव्हाचा होर्न्याक? तो तर छापलेला प्रत्येक प्रश्न हातानं मांडतो. मी म्हटलं, होर्न्याक वारला, दोन वर्षं झाली. ओदेसातली ती गणिताची बाई? तिची नजर गेली. मग फिनलंडचा तो टपालवाला? टपालवाल्याचं माहीत नव्हतं, पण त्याचाही काही पत्ता नव्हता. दर सकाळी सेवेरियान अशी दोन-तीन नावं काढी आणि मी ती पुरून येई.

"कुणीतरी मांडेलच," तो म्हणे. "पोराटोरानं मांडला तरी दिसेल. लगेच दिसेल."

कुणी मांडलाच नाही. यंत्राला घातला, यंत्रानं हिरवी खूण केली, लोकांनी "सुंदर" म्हणून पान उलटलं. पूर्वी असा प्रश्न छापला असता तर आठवड्यात पोत्यानं पत्रं आली असती, त्यातली निम्मी शिव्यांची. सेवेरियानला आता त्या शिव्यांची भूक लागली होती.

मुदत संपायला चार-सहा दिवस उरले तेव्हा त्यानं एर्मिलेला बोलावलं आणि सरळ सांगितलं, की तू लिही. आक्षेप पाठव. एर्मिले म्हणाला, मी नानुलीला शब्द दिलाय.

"चाळीस वर्षं कुणाला शब्द दिला नव्हतास. तेव्हा किती चांगला होतास तू."

तू स्वतः का लिहीत नाहीस, असं एर्मिलेनं विचारलं. सेवेरियान म्हणाला, आपलाच दात आपणच उपटला तर त्याला दात काढणं म्हणतात का? मला दुसऱ्या कुणाचा हात हवाय, एर्मिले. तुझाच हवाय. लिही, की मी मांडला आणि मला दिसलं.

एर्मिलेनं खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिलं. मरणाऱ्या माणसाचं बक्षीस मी काढून घेणार नाही, तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी दया होती की सेवेरियाननं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी एर्मिलेबरोबर जिना उतरलो. खाली आल्यावर त्यानं मला विचारलं, मी बरोबर केलं ना? मी म्हटलं, हो. आता वाटतं, दुसरं काही म्हणता आलं असतं तरी त्यानं फरक पडला नसता. एकदा माणसं तुमच्यावर दया करायला लागली, की तुमचे प्रश्न कुणी फोडत नाही.

मुदत संपली. मासिकानं एका ओळीत कळवलं: एकही आक्षेप आलेला नाही, निकाल कायम. डोंगरावर द्राक्षतोडणी सुरू झाली होती, आणि जुंबेर नव्या रसाची घागर घेऊन आले. मंडळाचे यच्चयावत सभासद, म्हणजे आम्ही, पलंगाभोवती जमलो. नानुलीनं चीज घातलेल्या गरम भाकऱ्या आणल्या. तिचे डोळे कोरडे आणि लाल होते. तिला वाटत होतं तिनं जिंकलं.

जुंबेर पेला घेऊन उभे राहिले. आज, ते म्हणाले, जगानं सेवेरियानपुढे मान झुकवली. तीन महिने पृथ्वीवरच्या एकूण एक जाणत्यानं हा प्रश्न पारखला आणि कुणालाही त्यात बोट ठेवायला जागा मिळाली नाही. ते बोलत राहिले. साम्राज्यं आली, गेली. मग त्यांना उभं राहवेना म्हणून ते पलंगाच्या कडेला बसले, आणि बसूनही बोलले.

"जुंबेर," सेवेरियाननं मधेच विचारलं, आवाज अगदी बारीक, "किती जणांनी मांडला असेल?"

"हजारो," जुंबेर म्हणाले. "हजारो, बातोनो." बातोनो म्हणजे आमच्याकडचं 'महाशय'.

सेवेरियाननं एर्मिलेकडे पाहिलं. एर्मिले पेल्यात बघत होता.

"मी मांडला," एर्मिले म्हणाला.

"हो. तू मांडलास." एवढं म्हणून सेवेरियान थांबला, आणि तेवढंच काय ते हाती लागलं असं वाटून थोडा वेळ उशीवर पडून राहिला. रिवाज असा, की शेवटचा पेला ज्याच्यासाठी उचलला त्यानं चार शब्द बोलायचे. आम्ही सगळे वाट पाहत होतो. जुंबेरनी तर खिशातून पेन काढलं होतं. हे शब्द भिंतीवर लावायचे होते. सेवेरियाननं श्वास गोळा केला. नानुलीनं त्याचं डोकं थोडं उचललं.

"बातोनो जुंबेर," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या पायावर बसलाय. जरा सरकता का?"