झिरव्यांचं कोरं कापड

माझी सून केतकी कादंबरी लिहिते आहे. त्यातले झिरवे नावाचे लोक जगात कुठेच नाहीत, ते तिनेच घडवले. त्यांना लिपी नाही. घरात जे घडतं ते बायका मागावर विणतात आणि संध्याकाळी कापडावरून बोट फिरवत सगळ्यांना सांगतात. जेवताना हे सगळं आम्हाला ऐकावं लागतं. आमच्या यवतमाळात माणसं कमी पडली की काय, असं मी मनात म्हणते.

पण परवा तिने एक रीत सांगितली आणि मी कान टवकारले. झिरव्यांच्या सुनेला घर सोडायचं असेल, तर ती तोंडाने बोलत नाही. हातभर कोरं कापड विणून दाराला लावते. कुणी कारण विचारलं, तर तिला सगळं खरं सांगावं लागतं. कुणीच विचारलं नाही, तर ती निघून जाते.

"मंग कोनी विचारते का?" मी म्हटलं.

"ते अजून लिवलं नाही, आई."

माझा मुलगा पियूष मोबाइल बघत जेवत होता.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माळ्यावरची बॅग खाली आली होती. गच्चीवरून तिचे उमरखेडला, माहेरी, फोन चालले होते. मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने जिन्यात थांबले, तर ती लगेच हळू बोलायला लागली. तिचं कपाट उघडलं, तर अर्ध्या साड्या गायब. पोराचा संसार मोडणार, मला दुसरं काही सुचेना.

पियूषला सांगितलं, तर म्हणाला, "तुले कायले सगळ्यातच काळंबेरं दिसते?"

आज दुपारी त्यांच्या खोलीच्या कडीला मांजरपाटाचा कोरा तुकडा अडकवलेला दिसला. केतकी आत बॅग भरत होती.

"तुया गोष्टीतली सासू काय करते वं?" मी विचारलं.

"कपाट उघडून पाहते. जिन्यात उभी राहते. पोराच्या कानावर घालते." ती साडीची घडी करत राहिली. "फक्त सुनेले विचारत नाही."

मला शरम वाटली. रागही आला, पण तो माझा मलाच. कापड कडीवरून काढून मी तिच्या पलंगावर बसले.

"काहून चालली, ते सांग मले."

तिने हातातली साडी बॅगेत ठेवली. मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहत म्हणाली, "हे मी पियूषसाठी लावलं होतं, आई. सकाळी बाजूले सारून ऑफिसले गेला."