खंडेनवमीचा मान

मी एक जुना नेब्युलायझर आहे. नाव जड वाटलं ना, मित्रांनो? आमच्या वाडीत मला सगळे वाफेचं मशीन म्हणतात. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, गोठ्याला लागून असलेल्या घरात मी राहतो. माझ्या पेल्यात औषध ओतून बटण दाबलं, की मी घरघरत त्याचे तुषार करतो आणि घरातली लहानगी निशिगंधा ते मास्कमधून छातीत ओढते. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे छातीत चिकट कफ साचतो. तो पातळ करण्यात माझी उमर गेली.

यंदा मात्र मी गोंधळून गेलो. पोर हसतखेळत होती, शेळ्यांमागे धावत होती, तरी मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या पेल्यात नवंच औषध घालायला सांगितलं. तपासणीत तिच्या कफात एक नवा जंतू सापडला होता. "नुकताच शिरलाय, लगेच औषध दिलं तर निघेल. एकदा घर करून बसला की हलणार नाही. एकही वेळ चुकवू नका," असं त्यांनी तिच्या आईला, अमिताला, बजावलं होतं. आजारी न दिसणाऱ्या मुलीला औषध कशाला, मला काही उमगेना.

तशात खंडेनवमी आली. आजी बयाबाईंनी कोयता, विळा, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडली आणि मलाही उचललं. "ह्यानं माझ्या नातीला जगवलंय. ह्याचा पण मान हाय." मला हळदकुंकू लागलं, झेंडू मिळाला. मी हरखलो, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी अमिता औषध घेऊन आली, तर बयाबाई आडव्या आल्या.

"पुजलेलं हत्यार आज चालवायचं नाय गो. पोर ठणठणीत हाय. उद्या दे."

"आई, जंतू कुठं सण पाळतो?" अमितानं औषध खाली ठेवलं नाही.

मी चक्रावलो. मला मान मिळाला होता की कामावरून काढलं होतं? बयाबाईंनी नातीला जवळ ओढून तिच्या पाठीला कान लावला.

"काय पण ऐकू येत नाय."

"म्हणून तर भीती वाटते, आई. तो गुपचूप बसलाय."

बयाबाईंनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी मला पाटावरून उचललं आणि कोयत्या-विळ्यांना म्हणाल्या, "तुम्ही बसा रे. ह्याला काम हाय."

मित्रांनो, जंतू गेला की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. मला फूल वाहिलं नाही तरी चालेल. माझा पेला उकळून कोरडा ठेवा, आणि पोर हसत असली तरी वेळ झाली की बटण दाबा.