वाकडा दात

मला कारखान्यात 'फूटपट्टी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमचा कारखाना एवढासा आहे की पाठीमागे म्हटलेलंही सगळं ऐकू येतं. आम्ही कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या, त्या हिरड्यांत एकेक दात, आणि शेवटी मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला. मेण आहे तोवर दात हलवता येतो, मसाला पक्का झाला की विषय संपला. म्हणून त्याआधीची शेवटची नजर माझी. बावीस वर्षं हेच काम करतेय आणि वाकडं मला बघवत नाही. कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून येते. नवरा म्हणतो, "तुला जेवायला बोलावलंय, तपासणीला नाही."

मेणात दात लावायचं काम काकांचं. सख्खे नव्हेत, पण कारखान्यात सगळे त्यांना काकाच म्हणतात, मालकसुद्धा. पासष्टी उलटलेली, जाड चष्मा, आणि हात असा हलका की दात लावला कधी ते मेणालाही कळत नसावं. आमच्याच चर्चमध्ये येतात. माझ्या मागच्या बाकावर बसून बेसूर पण मनापासून गातात.

त्या गुरुवारी दुपारी काका काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्यांच्या टेबलावरून एक कवळी माझ्याकडे आली. वरचा पुढचा डावा दात शेजारच्या दातावर चक्क खांदा टाकून उभा! मी मनात म्हटलं, झालं, काकांची नजर गेली. सुरी ज्योतीवर गरम केली, मेण सैल केलं, दात सरळ केला. दोन मिनिटांचं काम. वर स्वतःवर खूशही झाले, की कुणाला सांगितलं नाही, म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखली. कवळीच्या तबकाखाली डॉक्टरांची चिठ्ठी होती, चिठ्ठीला एक जुना फोटो टाचलेला होता. दुसऱ्याची चूक इतकी स्वच्छ दिसत असताना चिठ्ठी वाचते कोण? कवळी पक्की झाली आणि गेली.

आठवड्याने तीच कवळी डबीत घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. एरवी शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचा पारा चढलेला होता.

"ही कवळी ज्यांची, त्या आजी फक्त ह्या एका दातासाठी तीनदा माझ्याकडे आल्या," त्या मालकांना म्हणाल्या. "लहानपणापासून त्यांचा हा दात वाकडा होता. आजोबांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पण बायको हसली की ओळखतात. ही कवळी घालून आजी घरी गेल्या, तर आजोबा दारातच म्हणाले, 'बाई, आमची ही घरात नाही. नंतर या.'"

मालकांनी काकांना बोलावलं.

"मी वाकडाच लावला होता, साहेब," काका म्हणाले. "फोटो बघूनच लावला."

मालकांनी कवळी त्यांच्या हातात ठेवली. दात कवायतीला उभा असल्यासारखा ताठ. काकांनी तो बघितला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा बघितला.

"मग..." ते म्हणाले, "मग माझ्याच हातून झालं असेल."

मी दोन हातांवर उभी होते. 'मी केला सरळ', तीन शब्द, ओठांपर्यंत आलेले. ते मी गिळले. मला कुणी विचारलंही नाही; सरळ दात फूटपट्टीला खटकणार कसा? आता कारणं सांगत बसणार नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं काम कधी परत आलं नव्हतं, आणि तोरा मोडायचा नव्हता, एवढंच खरं. मालकांनी काकांना दातांच्या टेबलावरून उठवून मागच्या प्लॅस्टरच्या खोलीत बसवलं. पाणी, पांढरी भुकटी, आणि ढवळणं. "महिनाअखेरीस बघू," मालक म्हणाले. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. महिनाअखेरीस एक हार, एक घड्याळ, दोन शब्द, आणि घरी.

आजींना मधे ताप आला, म्हणून त्यांचं नवं माप यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काका चर्चला आले नाहीत. मागून बेसूर गाणं ऐकू येईना. मला वाटलं होतं त्याने बरं वाटेल. छे! मीच सूर चुकायला लागले.

चौथ्या रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. माझं वाचन चांगलं असतं, असं लोक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही. त्या दिवशीचा भाग डोंगरावरच्या उपदेशातला. येशू सांगतो ना, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग परत ये. हा भाग मी वीस वेळा तरी वाचला असेल, थांबे कुठे घ्यायचे ते सुद्धा पाठ. 'आधी जा' इथे थोडं थांबायचं असतं.

मी थांबले आणि पुढचं वाचता येईना. समोर काकांचा रिकामा बाक. लोक वाट बघत होते. पाळकसाहेब खोकले. मग मी शास्त्र मिटलं, हातातलं अर्पणाचं पाकीट त्यावर ठेवलं, आणि मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर पडले.

नवरा माझी पर्स घेऊन धावत आला. "काय झालं? गॅस चालू राहिला का?"

"नाही. काकांकडे जायचंय."

"आत्ता? वाचन अर्धं टाकून?"

"वाचलं तेच करतेय," मी म्हटलं, आणि रस्त्यात त्याला सगळं सांगितलं. तो माझी पर्स स्वतःच्याच खांद्याला अडकवून माझ्या बरोबर चालत राहिला. अशा वेळी गप्प बसणारा नवरा मिळाला, त्याचे आभार मी देवाजवळ फार कमी वेळा मानलेत.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होते. टेबलावर सात-आठ सुया आधीच ओवून ठेवलेल्या.

"रोज सकाळी हेच," काकू हळूच म्हणाल्या. "नजर किती उरलीय ते बघतात. दोरा ओवला जातो, तरी म्हणतात, सवयीने जातोय, दिसून नाही."

मी खुर्चीवर बसले नाही. बसले असते तर आधी तब्येत, मग हवापाणी, मग कशाला बोलतेय मी!

"काका, तो दात तुम्ही वाकडाच लावला होता. मी सरळ केला. तुम्ही दवाखान्यात होतात त्या दुपारी. आणि नंतर गप्प बसले."

काकांनी सुई खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"म्हणजे मी वाकडाच लावला होता?"

"हो."

"फोटोतल्यासारखा?"

"फोटो मी बघितलाच नव्हता, काका. पण शेजारच्या दातावर चढलेला होता, हे नक्की."

काका उठले. मला वाटलं, आता मला दार दाखवणार. ते वळले काकूंकडे. "अगं, ऐकलंस का? माझे डोळे ठीक आहेत! मी वाकडाच लावला होता!" आणि हसायला लागले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ते दोघं असे आनंदात, आणि त्या आनंदाच्या मधोमध मी, तोच आनंद त्यांच्याकडून हिरावून घेणारी. कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

मग काका खाली बसले. हसू ओसरलं.

"तीन आठवडे," ते म्हणाले.

"हो."

"तीन आठवडे मी गीतांचं पुस्तक उघडलं नाही. म्हटलं, डोळे तर चाललेच, डोकंही चाललं. केलेलं काम आठवत नाही म्हणजे काय राहिलं! आमच्या हिला म्हटलं, उद्या मी तुलाही ओळखणार नाही, त्या आजोबांसारखा."

"मला क्षमा करा, काका."

"करणार. करावीच लागणार. मला काही वेगळं शास्त्र नाही, तेच आहे. पण आज लगेच मागू नकोस. आधी मला थोडं रागवू दे."

मी मान हलवली आणि निघाले. काकूंनी हात धरला. "चहा घेऊन जा."

"काकू, कुठल्या तोंडाने घेऊ?"

"राग त्यांचा आहे. चहा माझा आहे. बस."

तो चहा मी प्यायले. नवराही प्यायला, खांद्याला पर्स तशीच.

सोमवारी सकाळी सगळे कामाला बसायच्या आत मी मालकांसमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मालक माझ्याकडे बघतच राहिले. "फूटपट्टी, तुम्ही?" ते म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव तोंडावर उच्चारलं गेलं. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"काकांना त्यांची जागा द्या," मी म्हटलं. "प्लॅस्टर मी ढवळते."

मालकांनी काकांना टेबलावर बसवलं. सर्वांसमोर त्यांची माफी मागितली, हे मालकांच्या बाबतीत सांगायलाच हवं. मला म्हणाले, "शेवटची नजर पुढे कुणाची ते नंतर ठरवू. सध्या मागे जा." मी मागच्या खोलीत गेले. पांढरी भुकटी नाकात, केसांत, पापण्यांवर. पहिल्या दिवशी माझ्या साच्यात इतके बुडबुडे राहिले की तीन साचे फेकावे लागले. कळलं की हेही काम आहे, आणि मी ते बावीस वर्षं खालचं समजत होते.

सोमवार, मंगळवार काका माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बुधवारी दुपारी ते मागच्या खोलीच्या दारात आले.

"हात धू आणि चल."

टेबलावर आजींची नवी कवळी होती, मेणातली. सगळे दात जागेवर, फक्त पुढच्या डाव्याची जागा रिकामी. शेजारी फोटो, भिंगाखाली. एक तरुण मुलगी कशाला तरी खळखळून हसतेय, आणि तो दात शेजारणीच्या कानात काही सांगायला वळावा तसा वळलेला.

"तू लाव," काका म्हणाले.

"मला वाकडा लावता नाही येणार, काका."

"म्हणूनच."

मी लावला. काका म्हणाले, "घाबरून लावलायस. काढ." दुसऱ्यांदा म्हणाले, "हा तर मुद्दाम वाकडा दिसतोय. काढ." तिसऱ्यांदा ते तोंड उघडायच्या आत मीच काढला. मग मी दाताकडे बघायचं सोडलं आणि फोटोतल्या मुलीकडे बघत राहिले. ती कशाला हसत असेल, कुणाकडे बघून हसत असेल. चौथ्यांदा लावला तेव्हा काकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि कवळी उचलून पक्की करायला दिली. माझी पाठ थोपटली नाही. पण माझ्या हाताखालची सुरी स्वतः पुसून जागेवर ठेवली.

पुढच्या आठवड्यात आजी स्वतः कारखान्यात आल्या, आजोबांचा हात धरून. मी प्लॅस्टरच्या खोलीतून बाहेर आले होते, कोपरापर्यंत पांढरी.

"हा दात कुणी लावला?" आजींनी विचारलं. "परवा घरी गेले तर हे म्हणतात, 'आलीस? बाजारात इतका वेळ लागतो का?'"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला सगळं सोडून पळावंसं वाटलं. आजी माझ्याकडे आल्या, दोन्ही हात पुढे केले. हा मान मला पचणार नव्हता.

"आजी, आधी तो सरळ करणारी पण मीच होते," मी म्हटलं. "कुणाला न विचारता. तुमचे ते दिवस माझ्यामुळे गेले."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आजोबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "अहो, हिनेच मला घालवली होती, आणि हिनेच परत आणली!"

आजोबांनी विचार केला. वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांच्या हातून तेवढ्यात निसटला असावा. त्यांनी माझा भुकटीने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"परत आणलीत," ते म्हणाले. "फार उपकार झाले, बाई."

"नाही हो आजोबा, मी कुठे..."

"नाही कशाला म्हणतेस?" मागून काका म्हणाले. "देतायत तर घे."

मी घेतलं.